हसीबने रचलेली कांड्यांची भिंत

झाविदोविचीच्या वरच्या अळीतला हसीब जन्मभर लाकूड गिरणीत करवतीपुढे उभा राहिला. बोस्नियात आपल्याइतकं लाकूड कुणाला कळत नाही, असा त्याचा ठाम समज. लाकूड कळत होतंही. भुशाचं शास्त्र वेगळं.

त्या शरदात बायको शेफिका छातीच्या दुखण्याने दवाखान्यात होती. ऑस्ट्रियात नोकरी करणाऱ्या लेकीने, सेनादाने, फोनवर स्पष्टच सांगितलं, "बाबा, रविवारी येते. घर हिवाळाभर ऊबदार राहणार असेल तरच आई तुमच्याकडे. नाहीतर मी तिला घेऊन जाणार."

"मला शहाणपण शिकवू नकोस," हसीब गुरकावला. पण धसका घेतलाच. शेफिकाशिवाय त्याला कॉफीसुद्धा घशाखाली उतरत नव्हती.

घरातली शेगडी लाकूड घेत नसे, तिला भुसा दाबून केलेल्या बोटभर कांड्याच लागत. विकतच्या कांड्या त्या वर्षी औषधालाही मिळत नव्हत्या. हसीबने जुनं यंत्र दुरुस्त केलं, बीच झाडाच्या लाकडाचा भुसा चाळला, वाळवला आणि कांड्या पाडायला बसला. साच्यातून त्या वाफाळत बाहेर पडत.

"पसर रे त्या, निवू देत!" शेजारचा रिफेत कुंपणावरून ओरडला. "घोडं लागलंय का मागे?"

"मुलगी लागलीय. घोडं परवडलं!"

पसरलेला ढीग बघून सेनादा नाक मुरडेल, रचलेली पोती दिसली पाहिजेत, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. गरम कांड्या त्याने प्लास्टिकच्या पोत्यांत कोंबल्या, तोंडं घट्ट बांधली आणि पडवीत छतापर्यंत भिंत रचली. रविवारी सेनादा ती बघून म्हणाली, "मानलं, बाबा!" आणि शेफिका घरी आली.

तीन आठवडे मागच्या वर्षीच्या शिलकीवर गेले. मग हसीबने पहिलं पोतं सोडलं. गरम भाकऱ्या डब्यात कोंबल्यावर जसा घाम सुटतो, तसा आत सुटला होता. कांड्या फुगून, विरघळून पुन्हा भुसाच झाल्या होत्या. दुसरं पोतं तसंच. दहावंही तसंच. हसीबने तोच ओला भुसा शेगडीत ओतून पाहिला. शेगडी दोनदा गुदमरली, मग विझली. पलीकडच्या खोलीत शेफिकाचा खोकला थांबेना.

सेनादा आली. पडवीतली सोडलेली पोती तिने पाहिली. शेफिकाला शालीत गुंडाळून तिने गाडीत बसवलं.

"म्हाताऱ्या, तूही चल ना," शेफिका काच खाली करून म्हणाली.

"मी कसा येऊ? भुसा वाळवायचाय. वाळला की तुला न्यायला येतो."

बाहेर बर्फ पडत होता. भुसा वाळायला एप्रिल उजाडणार होता, आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे शेफिकाकडे एप्रिलपर्यंतचे दिवस नव्हते. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"ये मग," ती म्हणाली. "मी वाट बघते."