वळणावरची वाडी

प्रयागबाईला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नसे, हे आमच्या भोईपुऱ्यात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. त्यातही धाकटी जाऊ चतुराबाई तिच्या डोळ्यांत सलायची. चतुराबाईची भाकर टम्म फुगली तरी हिच्या पोटात दुखे. एकाच बाबतीत ती जावेच्या वरचढ होती. तिची म्हैस चंद्री. लेकरूबाळ नव्हतं प्रयागबाईला, पण हाक मारली की चंद्री नदीपलीकडून ओ द्यायची.

दसऱ्यानंतर पाणी ओसरलं की आम्ही नदीच्या पात्रात टरबुजाच्या आणि डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वाड्या लावायचो. जागा कवड्या टाकून वाटायची रीत. पंच्याहत्तर साली वळणावरची जागा चतुराबाईला लागली. तिथं काळा, लोण्यासारखा गाळ साचायचा. उन्हाळ्यात केनवडच्या बाजारात तिची डांगरं हातोहात गेली आणि प्रयागबाई आपल्या ढिगापाशी माश्या हाकत बसली.

हंगाम संपून वाडी उठली की वेल गुरांना घालतात. चतुराबाईच्या गाईनं ते मातीसकट खाल्ले. मग ती आंधळी झाली आणि खुंट्याभोवती गरगर फिरत मेली. लोक म्हणाले, प्रयागबाईची नजर लागली. चतुराबाई मात्र तसं म्हणाली नाही. नदीच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवायची भट्टी झाली होती, तिची राख पाण्यातच जायची.

"मले वळणावरची जागा नोको," दसऱ्याला ती म्हणाली. "त्या गाळाचं भेव वाटते. बाई, तुमीबी घेऊ नोका."

"सोतांचं पोट भरलं, आता दुसऱ्यानं खाऊ नये म्हून सोंग करून राह्यली!" प्रयागबाई चारचौघींत म्हणाली आणि तिनं ती जागा मागूनच घेतली. खरं तर नजरेचा आळ न घेता जावेनं आपली बाजू राखली याचाच तिला जास्त राग होता. चांगुलपणातही हीच पुढं!

त्या उन्हाळ्यात तिची डांगरं बघायला लोक थांबायचे. बाजारात ती मुद्दाम चतुराबाईच्या समोर बसायची आणि गिऱ्हाईक नसलं तरी मोठ्यानं भाव सांगायची. एवढी सुखी मी तिला कधीच बघितली नव्हती.

वाडी उठल्यावर वेल तिनं चंद्रीला घातले.

चंद्री भिंतीला डोकं लावून दात खात उभी राहिली, मग पडली. रिसोडहून गुरांचा डॉक्टर आला. भट्टीचं शिसं गाळात बसलंय, वेलाच्या मातीतून पोटात गेलं, म्हणाला. आता इलाज नव्हता. हाका मारून मारून प्रयागबाईचा घसा बसला, पण चंद्रीनं कानसुद्धा हलवला नाही.

चतुराबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि शेजारी बसली.

"चतुरे, मरतानी तुह्या गाईनं तुले वळखलं होतं काय?"

इथं चतुराबाईनं खोटं बोलायला हवं होतं. पण तिला ते कधी जमलंच नाही.

"हो बाई. हात चाटला माहा."

"तिथंबी तूच," प्रयागबाई म्हणाली. तिनं चंद्रीच्या तोंडापाशी आपला तळहात धरला आणि दिवेलागण झाली तरी तो मागं घेतला नाही.