समुद्रावरचं विमान आणि दारात अडकलेले भोपळे

शुद्धलेखनाच्या चुका आणि हे वेडंवाकडं अक्षर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. शाळा चौथीपर्यंतच झाली. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहून ठेवते.

निजामाचं राज्य होतं आणि महायुद्ध नुकतंच संपलं होतं. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, शेतीचं शिकायला विलायतेला जाण्यासाठी शिष्यवृत्ती म्हणून सरकारी वजिफा मिळाला. पण तो बोटीच्या भाड्यापुरता, आणि बोटीत जागा मिळेना. कॉलेज सुरू व्हायच्या आत पोचायचं तर कराचीहून विमानानेच जायला हवं होतं. वरचे पैसे गंगाखेडचे मामा उसने द्यायला तयार होते. फक्त म्हणाले, "अक्का हो म्हणली तरच. तिचा जीव टांगून मी रुपया देणार न्हाई."

आई हो म्हणेना. विमान समुद्रात पडलं तर काय, एवढंच विचारत राही.

शेवटी दादाने विमानवाल्यांचा सूचनांचा कागद आणून तिला समजावून सांगितला. प्रत्येकाला फुगवायचं जाकीट देतात. ते विमानात असतानाच अंगात घालायचं, पण फुगवायचं दाराबाहेर पडल्यावरच.

"म्हंजी आपला भोपळाच की," आई म्हणाली. आमच्याकडे पोरांना गोदावरीत पोहायला शिकवताना पाठीला वाळके भोपळे बांधतात. "पर आधीच का फुगवायचं न्हाई? पाणी आत आल्यावर फुगवत बसायचं का?"

"दाखवतो," म्हणून दादाने माळ्यावरचे दोन मोठे भोपळे काढले, माजघरातच पाठीला बांधले आणि परसाकडच्या बुटक्या दारातून वाकून पळायला गेला. भोपळे चौकटीत रुतले. त्याला वाटलं होतं, जरासं अडेल आणि आईला कळेल. आता पुढेही जाता येईना, मागेही येता येईना.

"आता काय करतूस बाबा?" आईने विचारलं.

"दोरी सोड आधी."

"आरं, मागं समदी मान्सं खोळंबल्यात. त्यांनी काय करावं?"

आणि ती हसायला लागली. कित्येक दिवसांत हसली नव्हती. मी दोरी सोडेपर्यंत एका भोपळ्याला चीर गेली होती.

त्या दिवसापासून तिने नाही म्हणणं सोडलं आणि दादाला तयार करायला घेतलं. जेवताना मधेच त्या कागदातलं एकेक विचारायची.

"चष्मा?"

"खिशात."

"पायतान?"

"काढायचं."

"भोपळा?"

"भाईर गेल्यावर. माय, भाकर खाऊ दे की."

डोळ्यांना फडकं बांधून ती त्याला माजघरातून दारापर्यंत चाचपडत जायला लावी. "अंधारात दिसंल का तुला? बसतानाच दार कुठं हाय ते बघून ठीव." दादा उंबऱ्याला ठेचकाळायचा, मी तोंडाला पदर लावायची.

फडकं बांधून तो कुठेही न आपटता थेट अंगणात पोचला, तेव्हा तिने मामांना बोलावून सांगितलं, "दी त्याला पैसे. जाऊ दी."

दादा सुखरूप पोचला. पत्रात होतं, सूचना सांगत होते तेव्हा बाकीचे झोपायच्या तयारीत होते, मी मात्र दारापर्यंतच्या खुर्च्यांना हात लावून आलो. ते पत्र आईने माझ्याकडून रोज वाचून घेतलं, अगदी घडीवर फाटेपर्यंत.

शिकून आल्यावर त्याला नोकरी लागली. पगारातून थोडे थोडे मामांकडे जात राहिले. शेवटचे द्यायला आई स्वतः दादाबरोबर गंगाखेडला गेली. मामांनी नोटा कपाळाला लावल्या, खिशात घातल्या आणि म्हणाले, "अक्का, फिटले समदे."