ड्रेन मोटरची वायर

हे आजवर कुणाशीच बोललो नाही. बायकोशी नाही, बहिणीशी नाही, कंपनीतल्या जिवाभावाच्या मित्रांबरोबर बसलो असतानाही नाही. तुझ्याशी का बोलतोय ते मलाच नीट माहीत नाही — कदाचित तू मला ओळखत नाहीस म्हणून. ओळखणाऱ्यांनी माझी वाट लावून ठेवलीय. वाईट बोलून नाही. चांगलं बोलून.

मी फिटर. मरोळच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्सला होतो, आता रिटायर. मुलुंड पूर्वेला आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा मिक्सर जळाला, कुणाच्या फ्रिजखाली पाणी साचलं, की आमची बेल वाजते. परबकाका आहेत ना, मेकॅनिक कशाला? मी जातो. पैसे घेत नाही. चहा घेतो आणि निघताना चार शब्द सुनावतो — मिक्सर सलग चालवू नका, फ्रिज भिंतीला चिकटवू नका, त्याला मागून हवा लागते. लोक म्हणतात, वहिनी नशीबवान आहेत.

हे वाक्य मी बारा वर्षं ऐकतोय. प्रत्येक वेळी बोलणाऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. त्याची काय चूक? त्याला काय माहीत?

शैला, माझी बायको, देवगडच्या बाजूची. खाडीकाठचं गाव. लग्न झाल्यावर सांगायची, शाळेची होडी चुकली की आम्ही दप्तर डोक्यावर धरून पोहत पलीकडे जायचो. मी हसायचो. मी मुंबईत वाढलेला, गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेलो नाही. मला वाटायचं, थापा मारते.

घरात आम्ही पाच माणसं. आम्ही दोघं, माझी आई, दोन मुलं. एकोणीस वर्षं पाच माणसांचे कपडे तिने मोरीत बसून धुतले. त्यात माझे कंपनीचे कपडे — ग्रीस, ऑइल. आधी केरोसीनचा बोळा, मग साबण, मग ब्रश. सकाळी साडेसातला पाणी जायचं, म्हणून पिंप भरून ठेवायची आणि अकरापर्यंत तिथेच असायची. मी फिटर माणूस, दुसऱ्यांची मशीन दुरुस्त करत फिरायचो. माझ्या घरात मशीन का नव्हतं? हा प्रश्न मला एकोणीस वर्षांत पडला नाही. हे आधी लिहून ठेव. पुढचं नंतर.

मशीन तिनेच आणलं, तिच्या भिशीतून. वरून कपडे टाकायचं, फुल ऑटोमॅटिक. मी मात्र ते आल्यावर फुशारलो. स्वतः अर्थिंगची वायर ओढली. चाकांचं स्टँड बनवलं, लेव्हल लावून चारही पाय सारखे केले, म्हणजे सुकवताना उड्या मारायला नको. दर गुरुवारी धाग्यांची जाळी काढून धुवायचो. शैलाला ताकीद होती, खिसे तपासल्याशिवाय एक कपडा आत जाता कामा नये. आई खुर्ची घेऊन समोर बसायची आणि आतलं पाणी फिरताना ऐकायची.

आणि शैला साडेनऊला मोकळी व्हायला लागली.

पहिले काही दिवस तिला काय करावं ते कळेना. मग एकदा भाजी आणायला गेली असताना तिने पालिकेच्या तरणतलावाबाहेर बायकांच्या बॅचची पाटी वाचली. दहा ते अकरा. पोशाख घेतला, टोपी घेतली, फॉर्म भरला आणि मग मला सांगितलं. विचारलं नाही. सांगितलं.

आता तू म्हणशील, सासूने आकांडतांडव केलं असेल. कितीदा मी मनातल्या मनात हे सगळं आईवर ढकलून बघितलंय. पण आई तेव्हा काय म्हणाली माहितीये? "जाऊंदे तिका. माका कोणी जाऊंक दिल्यान?" एवढंच म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली. त्यामुळे आईच्या पदराआड लपायची सोय नाही.

मीही नाही म्हणालो नाही. मी कशाला नाही म्हणेन? मी सुधारलेला माणूस. बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं तर मीच सांगायचो, आमची मिसेस स्विमिंगला जाते. सांगताना छाती फुगवायचो. आणि संध्याकाळी घरी यायचो तेव्हाही तिच्या अंबाड्यातले केस ओलसर असायचे, अंगाला तो क्लोरीनचा वास असायचा, ती स्वयंपाक करताना काहीतरी गुणगुणत असायची — आणि माझं डोकं सटकायचं. का? एकोणीस वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. आणि आता जे चाललं होतं त्यात माझा काही हात नव्हता.

आमच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी. एका गुरुवारी ती पोहायचा चष्मा घरी विसरली, म्हणून मी तलावावर गेलो. बायकांची बॅच चालू, मला गेटवरच थांबवलं. भिंतीपलीकडून आवाज येत होते. त्यात एक आवाज मोठ्याने म्हणत होता, "हात सोड गं, बुडत नाहीस, मी आहे ना." मग खदखदून हसणं. तो शैलाचा आवाज आहे हे ओळखायला मला वेळ लागला. स्वतःच्या बायकोचा.

त्यांच्या ट्रेनर मॅडम गेटवर आल्या. मी कोण ते कळल्यावर म्हणाल्या, "तुमच्या मिसेस काय पोहतात हो! पुढच्या महिन्यात ठाण्याला चाळीस वर्षांवरच्या बायकांच्या स्पर्धा आहेत, त्यांचं नाव घातलंय. तुम्ही या बघायला."

मी हसलो. चष्मा दिला. घरी आलो.

संध्याकाळी शैलाने स्पर्धेचं सांगितलं. तिचा चेहरा — नको. तो चेहरा मी नाही सांगणार. मी म्हणालो, "झकास." खरंच म्हणालो.

पुढच्या गुरुवारी ती तलावावर गेली तेव्हा मी मशीन पुढे ओढलं. चाकांचं स्टँड मीच बनवलेलं, एका बोटाने सरकलं. मागचं पत्र्याचं झाकण, सहा स्क्रू. ते काढलं. ड्रेन मोटरची वायर जिथे जोडलेली असते तिथून उपसली. ती मोटर चालली नाही की मशीन पाणी घेतं, कपडे घुसळतं, पण पाणी सोडत नाही. भरल्या पाण्यानिशी थांबतं आणि शिट्ट्या मारत राहतं. आणि ऐक — उघडी वायर कुठे टेकून शॉर्ट होऊ नये म्हणून मी तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळली. व्यवस्थित, तीन वेढे. हलकटपणा करतानाही काम चोख.

आईने बाहेरून विचारलं, "काय करतंस रे?"

"साफ करतंय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर शैला मशीनसमोर उभी. आत साबणाचं पाणी गार होऊन बसलेलं, त्यात पाच माणसांचे कपडे. मी टॉर्च घेतला. झाकण उघडलं, वाकून बघितलं, इकडे ठोकलं, तिकडे ठोकलं. काय नाटक केलं यार. मग उठून म्हणालो, "कार्ड गेलंय."

"म्हणजे?"

"आतलं सर्किट. सगळं त्याच्यावर चालतं."

"मेकॅनिकला बोलावू?"

"ते लोक लुटतात. मी बघतो ना."

तिने लगेच मान डोलावली. हे मला अजून सहन होत नाही — ती लगेच हो म्हणाली. एखाद्या परक्या मेकॅनिकला तिने चार प्रश्न विचारले असते. मला काय विचारणार? मी परबकाका.

पहिला आठवडा ती दोन्ही करत होती. पहाटे चारला उठून कपडे बडवायची आणि दहाला तलावावर पळायची. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस चुकला, मग दोन. मी रोज सांगायचो, कार्ड मिळत नाही, हे मॉडेल जुनं झालं, अमुक दुकानात सांगून ठेवलंय. कसलं दुकान? मॅडमचा फोन आला, मीच उचलला. सांगितलं, घरी जरा अडचण आहे. अडचण माझ्या अंगठ्याएवढ्या टेपच्या तुकड्याखाली होती.

स्पर्धेच्या दिवशी तिने चादरी धुतल्या. तो गुरुवार होता, मी घरातच पेपर वाचत होतो. पाहुणे येणार नव्हते, सण नव्हता, चादरी चार दिवसांपूर्वीच बदलल्या होत्या. तिने त्या काढल्या आणि धोपटल्या. तो आवाज सगळ्या माळ्यावर जात असणार. आई मला म्हणाली, "तिका आज खंय जावचा होता ना?" मी पेपर उलटला.

मी तेव्हा स्वतःला सांगत होतो, स्पर्धा होऊ दे, मग वायर जोडून टाकू. पाच मिनिटांचं काम. स्पर्धा झाली. मी जोडली नाही. कारण घर पहिल्यासारखं झालं होतं. सकाळभर ती घरात असायची, मी आलो की केस कोरडे, चहा गरम. आणि मला ते आवडत होतं. कारण मागशील तर हेच आहे, दुसरं नाही. भीती नव्हती, संशय नव्हता, जनलज्जा नव्हती. मला ते आवडत होतं.

तीन-चार महिन्यांत मशीनवर पिठाचे डबे आले. मग शैलाच म्हणाली, जागा अडते, देऊन टाक कुणाला. माझी धाकटी बहीण मीना दिंडोशीला राहते. तिला म्हटलं, तुला देतो, चालतं का बघतो. मशीन मी स्वतः हलवलं. आधी तळाचं पाणी उपसलं, ड्रेनचा पाइप वर बांधला, आतला टब हिंदकळू नये म्हणून भोवती गोधड्या कोंबल्या. टेम्पोवाल्याला दम दिला, आडवं करायचं नाही, उभंच न्यायचं. शैला गॅलरीतून बघत होती. तिला वाटलं असेल, किती जीव आहे याचा वस्तूंवर.

मीनाच्या बाथरूममध्ये मी मागचं झाकण काढलं, टेप सोलली, वायर जोडली. मशीन सुरू झालं. मीना म्हणाली, "दादा, तुझ्या हातात जादू आहे रे." ते मशीन तिच्याकडे नऊ वर्षं चाललं.

हे सगळं इथे थांबलं असतं तर कदाचित मीही विसरलो असतो. माणूस काय, काहीही विसरतो. पण त्या वर्षी मीनाकडे पूजा होती, आम्ही सगळे गेलो. जेवणं झाल्यावर आतून मशीन सुकवायला लागल्याचा आवाज आला. शैला हात धुवायला उठली होती. ती बाथरूममध्ये गेली आणि बाहेरच येईना. मी जाऊन बघितलं. ती मशीनच्या झाकणावर हात ठेवून उभी होती. पाइपातून पाणी भळाभळा सुटत होतं. फेरा संपेपर्यंत तिने हात काढला नाही.

मग म्हणाली, "कार्ड मिळालं?"

"हो. सेकंडहँड."

"कधी?"

"झाले दोन महिने."

दोन महिन्यांपूर्वी मिळालं तर आपल्याकडे का नाही बसवलंस, असं कुणीही विचारलं असतं. तिने विचारलं नाही. बादली घेतली, मीनाबरोबर कपडे वाळत घातले आणि घरी येताना गप्प बसली. तिला कळलं होतं का? मी बारा वर्षं हे शोधतोय. कधी वाटतं, सगळं कळलं. कधी वाटतं, काहीच नाही. ती गप्प राहिली आणि मी त्या गप्प बसण्याची गादी करून त्यावर आरामात झोपलो. कळलं असेल तर ती बोलेल, नाही बोलली तर कळलं नाही — असला हिशोब. भडव्या, तू बोल ना. तुला तोंड नव्हतं?

पुढे मुलगा कमवायला लागल्यावर त्याने नवीन मशीन आणलं. तोवर साडेतीन वर्षं तिने पुन्हा हातांनी कपडे धुतले होते. मशीन आल्यावर सकाळचा वेळ परत मोकळा झाला. ती तलावाकडे गेली नाही. मी एकदा म्हणालोही — हो, एवढा निर्लज्ज आहे मी — "जा की पुन्हा स्विमिंगला." तिने ऐकलं न ऐकलं केलं आणि गवार मोडत बसली. पोशाख तिने कधी टाकला मला माहीत नाही. कपाटात नाही. मी शोधला.

आता तिचा उजवा खांदा धरलाय. हात कानाच्या वर जात नाही, वेणी मुलगी घालून देते. गेल्या महिन्यात तिला डॉक्टरकडे घेऊन गेलो. तरुण मुलगी होती, छान बोलत होती. हात वर-खाली करून बघितला, काय काय काम करता विचारलं, लिहून घेतलं. मग म्हणाली, "थोडं बरं वाटलं की पाण्यातले व्यायाम करता येतील. पोहता येतं का काकू तुम्हाला?"

शैला म्हणाली, "नाही. मला पोहता येत नाही."

अगदी सहज म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही. डॉक्टरने तेही लिहून घेतलं.

मी बाजूच्याच खुर्चीत होतो, तिची फाइल मांडीवर धरून. डॉक्टरने दिलेला कागद मी नीट घडी घालून फाइलीत ठेवला.