सायकल स्टँडवरची अंडी

क्षयाच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले तेव्हा अंडी फोडणं हेच माझं मोठं काम होतं. क्षयाचा जंतू आळशी. अंडी, थोडे क्षार आणि एक हिरवा रंग शिजवून बाटलीत घट्ट थर केला, की त्यावर तो कित्येक आठवड्यांनी उगवतो. तो रंग बाकीच्या जंतूंना दाबून धरतो. पण मिश्रणातच घाण पडली तर त्याचंही काही चालत नाही.

मग नवे साहेब आले. थुंकीच्या डब्या त्यांना चालत होत्या, अंड्यांचा मात्र विटाळ होत होता. आमचं टेबल त्यांनी सायकल स्टँडच्या शेडमध्ये काढलं. पलीकडे कापसातली सरकी काढणारं जिनिंग, तंतू उडून थेट मिश्रणात. मी तक्रार केली तर म्हणाले, "मॅडम, आपल्याला जंतूच तर वाढवायचे आहेत ना?" डॉक्टरकी शिकलेला माणूस हा!

चार दिवसांत बाटल्या नासल्या. रंग उडाला, थर पातळ झाला. तेव्हा कापसापायी होणाऱ्या शेतकरी आत्महत्यांमुळे जिल्हा रोज पेपरात असे, बाहेरून पाहणीला पाहुण्यांच्या गाड्या येत. केळापूरकडच्या गावांना निघालेला एक ताफा आमच्याकडे थांबला. साहेबांनी नासकी बाटली उंच धरली. "बघा, चार दिवसांत एवढी वाढ!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या बाटलीत आर्णीकडच्या एका जिनिंग कामगार बाईची थुंकी घातलेली होती. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर तिचे जंतू दिसले नव्हते, सगळी भिस्त या बाटलीवर. मी तिला पुन्हा बोलावलं.

"बाई, मले काहून बोलावलं? काही निंघालं का?"

"नाही मावशी. आमच्याकडून खराब झालं. थुंकी पुन्हा द्यावी लागेल."

"मंग आता तरी नीट करा न. मी का रोज येऊन राह्यली इथं?"

साहेब दौऱ्यावर गेले त्या दिवशी मी टेबल आत आणलं. परतल्यावर ते खूप ओरडले. "बाहेरच ठेवायचं असेल तर तसं लेखी द्या," मी म्हटलं. लेखी म्हटल्याबरोबर त्यांनी विषय सोडला, टेबल आतच राहिलं. पुढे त्यांना बढती मिळाली, अशांना मिळतेच.

मावशीच्या नव्या बाटलीत सावकाश क्षयाचे पिवळट, खरबरीत दाणे उगवले. उपचार सुरू झाले. गोळ्यांनी मळमळायला लागलं तेव्हा दवाखान्यात येऊन तिनं मला मनसोक्त शिव्या घातल्या. साहेबांच्या वाट्याच्याही मीच ऐकून घेतल्या. ती बरी झाली.