हसुरामचा तिसरा अल्बम

सुलभावहिनींचा फोन आला तेव्हा मी खांदा कॉलनीत भाजी घेत होतो. "भाऊजी, हे गेले हो..." एवढंच बोलल्या. हातातली मेथीची जुडी मी परत ठेवली की पिशवीत टाकली, आठवत नाही. पनवेलजवळच्या कोन गावात त्यांच्या घरी पोचलो. आत हसुराम पांढऱ्या चादरीखाली होता आणि बाहेर ओट्यावर त्याचे वडील, आबा, फाटकाकडे बघत बसले होते, जणू मुलगा शिफ्ट संपवून यायचाच आहे. त्या गोष्टीला आता दीड महिना होत आला. कुठे बातमी आली नाही, येणारही नव्हती. स्वतःच्या गाण्यांचे तीन अल्बम काढलेला हा माणूस त्याच्या गावातसुद्धा गायक म्हणून फारसा कुणाला माहीत नव्हता.

तळोज्याच्या एका कारखान्यात आम्ही बरोबर होतो, तो फिटर आणि मी स्टोअरमध्ये. मला वेड अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या गायकांचं. नावं कुणी ऐकलेली नसतात, पण एक गिटार घेऊन ही माणसं आपल्या घरादाराची गाणी रचतात, गातात. त्यांचे नवे अल्बम मी शोधून शोधून ऐकायचो. रविवारी हसुराम चहाला यायचा आणि इंग्रजी कळत नसताना मान खाली घालून ऐकत राहायचा. एकदा कुणा बाईचं नवं गाणं लागलं होतं. "काय बोलते रं ती?" त्याने विचारलं. मी म्हटलं, बाप कोळशाच्या खाणीत होता, त्याच्या हातांबद्दल गातेय. त्याने गाणं पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाला, "हातांवर गानं व्हतं? मंग आमच्या आबाचे पाय हाईत की!"

आबांची उमर मिठागरात गेली होती. मिठाने खाल्लेले, भेगाळलेले ते पाय मीही पाहिले होते. पुढे जमीन सरकारी प्रकल्पात गेली, मिळालेल्या पैशातून तिमजली घर उभं राहिलं, दारात गाडी आली आणि मिठागराचं नाव घरात निघेनासं झालं. हसुरामने जुनी गिटार घेतली. मला येत होतं तेवढं मी शिकवलं, वर्षभरात तो माझ्या पुढे गेला. गाणी रचली ती घरातल्या बोलीत. पहिलंच आबांच्या पायांवरचं...

*खाऱ्या पान्यान उबा माजा बाप,*
*पायांवर त्याचे चांदनं सुकलं.*

आबांनी ते गच्चीवरून ऐकलं आणि जिना उतरून आले. "माज्या पायांची गानी करून लोकांना हसवतंस? ते दिस गेले. बंद कर." हसुरामने गिटार पिशवीत घातली. उलटून बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्या दिवसापासून आबा घरात असताना तो कधी गायला नाही.

बाहेर तरी कोण ऐकत होतं? एका चुलतभावाच्या हळदीला मी हट्टाने त्याला उभं केलं. दुसरं कडवं सुरू झालं आणि कुणीतरी ओरडलं, "अरे, नाचायचं लाव!" डीजे दणाणला. हसुराम हसत खाली उतरला, पण येताना गाडीत गिटार मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत राहिला. दोन अल्बम इंटरनेटवर पडून राहिले. कधी कोल्हापूरहून, कधी थेट दुबईहून एखादा अनोळखी माणूस दोन ओळी लिहायचा. त्या तो मला पुन्हा पुन्हा दाखवायचा.

मग खोकला सुरू झाला. फुप्फुसं कडक होत चालली आहेत, डॉक्टर म्हणाले, आणि ते मागे फिरणारं दुखणं नव्हतं. त्याला तिसरा अल्बम करायचा होता. नवीन पनवेलच्या एका लहानशा स्टुडिओत आम्ही दुपारी जायचो. पहिल्या दिवशी एक ओळ पुरी होईना. तो भिंतीला टेकून बसला, डोळे पाण्याने भरलेले. सुलभावहिनी डबा घेऊन आल्या होत्या. त्यांच्याकडे बघून म्हणाला, "माजा दम सरल तिथून तू घे."

"मी? मला कुठं येतंय?"

"रोज सयपाक करताना तूच गातंस. मला म्हायत नाय काय?"

असा तो अल्बम झाला. अर्धी ओळ त्याची, अर्धी वहिनींची. पायांवरचं गाणंही त्याने पुन्हा गायलं, त्याचा शेवट जवळजवळ सगळा वहिनींच्या आवाजात आहे. अल्बम आला त्या दिवशी मी पेढे नेले. अर्धा पेढा खाऊन तो म्हणाला, "झाला बाबा एकदाचा..." पुढच्याच आठवड्यात वहिनींचा तो फोन.

तेराव्यानंतर आबांनी सुनेला जवळ बोलावलं. मी तिथेच होतो. "तो काय गायचा, लाव जरा." वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि आबांनी बंद करायला लावलेलं तेच पायांवरचं गाणं लावलं. आबांनी डोकं किंचित वाकडं करून ऐकलं. मधेच हळूच पाय धोतराखाली ओढून घेतले. गाणं संपल्यावर म्हणाले, "मला कवाच का नाय ऐकवलास?" वहिनींनी मोबाइल त्यांच्या हातात ठेवला.

परवा दुपारी गेलो होतो. जेवणाची वेळ, वहिनी आत भाकऱ्या थापत होत्या. आबांच्या मांडीवर मोबाइल होता आणि मुलगा गात होता. रोजचंच झालंय हे, वहिनी म्हणाल्या. गाणं संपलं. आबांनी वाकून, मोबाइलच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हटलं,

"बस झाला आता, बाला. जेवाला ये."