कुत्र्याला झेपलं

जपानला जायचं ठरलं तेव्हा मुलानं माझ्याही फोनवर जपानी शिकायचं अ‍ॅप टाकून दिलं. सर्जापूर रोडच्या मुला-सुनेच्या फ्लॅटमध्ये डोशाचं पीठ वाटता वाटता मी ‘पाणी द्या’, ‘माफ करा’, ‘बसा’ असं सगळं जपानीत घोकलं. निघायच्या आठवडाभर आधी सून म्हणाली, ‘‘आई, तुम्हाला तिकडे झेपणार नाही. शिवाय कुत्र्याला कोण बघणार?’’ मुलगा फोनमधून मान वर काढेना.

ते गेले. मी कुत्र्याला शिकवलं. ‘सुवात्ते’, म्हणजे ‘बस’, ऐकून बसला तरच बिस्कीट. ‘सिट’ला काही नाही.

ते परत आल्यावर कुत्रा दोघांच्या अंगावर उड्या मारायला लागला. ‘सिट, सिट’ करून दोघं ओरडले, तो ऐकेना. मी हळूच ‘सुवात्ते’ म्हटलं. बसला.

‘‘हे काय शिकवलंस त्याला?’’ मुलानं विचारलं.

‘‘जपानी,’’ मी सुनेकडे बघत म्हटलं. ‘‘त्याला झेपलं.’’