टेंभुर्णीहून माघारी

त्या महिन्यात मी रूपाभवानीशी बोलणं टाकलं होतं. एकही मंगळवार न चुकवणारी मी, आणि माझ्याच सहा वर्षांच्या मुलीला रक्ताच्या उलट्या व्हाव्यात? देवळावरून जाताना मान फिरवून घ्यायची, इतका संताप होता. मुलीचं पोट डाव्या बरगडीखाली फुगून घट्ट झालं होतं. सासूबाई म्हणाल्या, पाणथरी वाढलीय, तापल्या विळ्याचा डाग द्यायचा. डाग देणारा नातेपुत्याकडे होता. माझं मन घेत नव्हतं, तरी मी गप्प राहिले, आणि देवीवर एवढी रागावलेली असूनही त्या गप्प राहण्यालाच तिच्यावर भार टाकणं समजत होते.

मुलीला घेऊन सासूबाई आणि मी तिकडं निघालो; वाटेत टेंभुर्णीला एसटी बदलायची होती. स्टँडवर पेरू विकणाऱ्या एका बाईनं मुलीच्या पोटाकडे बघून विचारलं, "कुटं निगालाव?" सासूबाईंनी सांगितलं. बाई पाटी तशीच टाकून उठली आणि तिनं माझा दंड धरला. "माज्या लेकीला बी दिला हुता डाग. चिघळला, आठ दिसांत गेली की. म्हागारी फिर बाई, सोलापूरला मोठ्या दवाखान्यात ने." सासूबाई भडकल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नाही म्हणाले आणि सोलापूरच्या गाडीत चढले.

डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, की यकृत चांगलं आहे, पण त्याच्याकडे रक्त नेणाऱ्या शिरेत गुठळी झालीय. वाट अडल्यामुळे रक्त पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, तुंबून ती फुगते, आणि अन्ननलिकेच्या शिरांत तुंबून त्या फुटतात. मग त्यांनी विचारलं, जन्मल्यावर बेंबी पिकली होती का, तिथला संसर्ग कधीकधी त्या शिरेपर्यंत पोचतो. पिकली होती. देवळातला अंगारा मीच तिच्या बेंबीत भरला होता, मोठ्या भक्तीनं. त्यानंच झालं असं डॉक्टर ठामपणे म्हणाले नाहीत. पण मला स्वतःची इतकी चीड आली, की देवीला बोल लावायला तोंड उरलं नाही.

मुलगी जरा मोठी झाल्यावर मुंबईला ऑपरेशन करून रक्ताला दुसरी वाट काढून दिली. आता ती शाळेत जाते, माझ्याशी भांडतेसुद्धा. मीही देवीशी पुन्हा बोलते. शरण जायचं ते तिला, चारचौघांच्या रीतीपुढं मान तुकवणं निराळं, हे मला फार उशिरा कळलं.

लोक म्हणतात, पेरूवालीच्या रूपानं देवीच आली होती. मला राग येतो. देवीची लेक मरत नाही, त्या बाईची मेली होती. ते दुःख तिनं भर स्टँडवर परक्यांपुढं उघडं केलं, म्हणून माझी वाचली. देवीपुढं उभी राहते तेव्हा मी माझ्या मुलीच्या आधी त्या बाईच्या लेकीसाठी हात जोडते.